दोन्ही अक्षरं चुकीची

फोनवरचं बोलणं संपत आलं की ‘ओके’ची वर्दळ सुरू होते. ‘ओके, मग उद्या बोलू.’ ‘ओके ओके.’ ‘ओके, ठेवतो मग.’ ‘ओके, बाय.’ या चारांपैकी एकही ओके दुसऱ्यासारखा नाही. पहिला विषय मिटवतो. दुसरा ‘ऐकलं हो’ असं कळवतो. तिसऱ्यात निघण्याची परवानगी मागितलेली असते आणि चौथा ती घेऊन मोकळा होतो. शब्द तोच, सूर तेवढा बदलतो. शेवटचा स्वर लांबवून ‘ओकेऽऽ’ म्हटलं की ‘पटलेलं नाही, पण बोल पुढे’ असा अर्थ होतो. तोच तोडून म्हटला की ऐकणारा ओळखतो, काहीतरी बिनसलंय.

माझ्या आजीला इंग्रजीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण ‘ओके’ म्हटल्याशिवाय तिने कधी फोन ठेवला नाही. हा शब्द इंग्रजी आहे हेही तिच्या गावी नसावं. फोनवर बोलणं संपवताना म्हणायचा शब्द, एवढीच तिच्यापुरती त्याची ओळख होती आणि ती पुरेशी होती. जगातल्या कितीतरी भाषांमध्ये हा शब्द असाच, कुणाला न विचारता, आपल्या पायांनी शिरला आहे. तो कुणी शिकवला नाही आणि कुणी लादलाही नाही. म्हणून तो आला कुठून, हे मला मनापासून जाणून घ्यावंसं वाटलं.

बहुतेक शब्दांना जन्मतारीख नसते. मागे मागे जात राहिलं की वाट कुठेतरी धूसर होते आणि पुढे ‘असावा’, ‘शक्य आहे’ अशा भाषेत बोलावं लागतं. ‘ओके’ची मात्र पहिली छापील नोंद तारखेसकट हाताशी आहे. दिवस शनिवार, २३ मार्च १८३९. वर्तमानपत्र ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’, संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन. बॉस्टनमध्ये तेव्हा ‘घंटानाद-विरोधी मंडळ’ नावाचं एक थट्टेखोर मंडळ होतं. त्याचे सभासद न्यूयॉर्कला निघाले होते आणि प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राने त्याबद्दल काहीबाही छापलं होतं. त्याला चिमटा काढणारा एक छोटा मजकूर बॉस्टनच्या पत्राने टाकला. मंडळी परतताना प्रॉव्हिडन्सवरून आली, तर तिथल्या संपादकाने त्यांची सरबराई करावी, बाटल्यांची बुचं ठिणग्यांसारखी वर उडावीत, अशा अर्थाचं ते वाक्य. त्याच्या मध्येच कुठेतरी बारीक अक्षरांत ‘ओ. के.’ आणि लगेच पुढे खुलासा: ‘ऑल करेक्ट’. म्हणजे सगळं बरोबर.

पण ‘ऑल’ हा शब्द इंग्रजीत ‘ओ’ने सुरू होत नाही, ‘ए’ने होतो. आणि ‘करेक्ट’ ‘के’ने सुरू होत नाही, ‘सी’ने होतो. ‘सगळं बरोबर’ असं सांगणाऱ्या शब्दातली दोन्ही अक्षरं चुकीची! आपल्याकडे कुणी ‘शुद्ध’ हा शब्द मुद्दाम ‘सुद्द’ असा लिहावा आणि वर त्याचाच शिक्का करून कागदावर मारावा, तशी ही गंमत.

ती ग्रीनच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १८३८च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत आद्याक्षरांची साथच आली होती. ‘आमची बडी मंडळी’ म्हणायचं तर नुसतं ‘ओ. एफ. एम.’ म्हणजे ‘अवर फर्स्ट मेन’ असं लिहायचं. कुणी गाव सोडून पळाला की ‘जी. टी.’, म्हणजे ‘गॉन टू टेक्सास’. क्षुल्लक गोष्टीला ‘एस. पी.’, ‘स्मॉल पोटॅटोज’. पुढे नुसत्या आद्याक्षरांनी भागेना, मग स्पेलिंग बिघडवून आद्याक्षरं करायची चढाओढ सुरू झाली. ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’ झालं. ‘नो गो’ म्हणजे ‘जमणार नाही’. त्यातला नकाराचा ‘नो’ मुद्दाम ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘नो’सारखा ‘के’पासून लिहायचा, की झालं ‘के. जी.’ नुकतं लिहा-वाचायला शिकलेल्या, स्पेलिंगशी झगडणाऱ्या माणसांची ही नक्कल होती. त्या काळातल्या विनोदी लेखनाला अशा अडाणी स्पेलिंगची फार हौस होती.

हे वाचताना मला त्या छापखान्यातली माणसं दिसतात. रोजचे रकाने भरायचे आहेत, शेजारच्या गावच्या पत्राशी लुटुपुटीचं भांडण चाललंय आणि खिळे जुळवता जुळवता कुणीतरी हसतंय. जगातला बहुधा सर्वाधिक बोलला जाणारा शब्द आपण त्या दिवशी छापतोय, याची त्यांच्यापैकी एकालाही कल्पना असणं शक्य नव्हतं. शब्द मोठे होतात ते त्यांच्या जन्मदात्यांच्या इच्छेने नव्हे, हे मला या एका बारीक मजकुरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात दिसलेलं नाही.

पण त्या साथीतली बाकीची आद्याक्षरं गेली, मग हीच दोन का तगली? याचं उत्तर भाषेत नाही, राजकारणात आहे.

१८४० साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. मार्टिन व्हॅन ब्यूरेन पदावर होते आणि पुन्हा उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक नावाच्या लहानशा गावचे. ते गाव मूळ डच वसाहतीचं. व्हॅन ब्यूरेन यांची मातृभाषाही डचच. मातृभाषा इंग्रजी नसलेले ते अमेरिकेचे एकमेव राष्ट्राध्यक्ष. (ज्या शब्दाने इंग्रजीला जगभर नेलं, त्याला हात देणाऱ्या माणसाची आईची भाषा इंग्रजी नव्हती, याचं मला फार अप्रूप वाटतं.) गावावरून त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ हे नाव पडलं होतं. त्याची आद्याक्षरं पुन्हा ओ. के.! न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढला. आपला उमेदवार ओ. के., म्हणजे ओल्ड किंडरहूक आणि शिवाय सगळं बरोबर, असा दुहेरी नेम त्यात होता.

विरोधकांनी ही अक्षरं उचलली आणि त्यांच्यावरच फिरवली. १८३७च्या आर्थिक मंदीने लोक पोळलेले होते. त्यामुळे ‘ओ. के.’ म्हणजे ‘आउट ऑफ कॅश’, खिसा रिकामा. अर्थात ‘कॅश’ही ‘के’ने लिहिलेली. शिवाय ‘ऑर्फुल कॉन्स्पिरसी’, भयंकर कट. माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नव्हतं, तेच कागदांवर ‘ओ. के.’ असा शेरा मारत, अशीही हूल उठवून दिली गेली. जॅक्सन हे व्हॅन ब्यूरेन यांचे राजकीय गुरू, तेव्हा एका दगडात दोन पक्षी. ही हूल इतकी चिकट निघाली की पुढे कित्येक वर्षं लोक ‘ओके’चा जनक म्हणून जॅक्सन यांचंच नाव सांगत राहिले. व्हॅन ब्यूरेन निवडणूक हरले. शब्द मात्र देशभर झाला. प्रत्येक गावात, प्रत्येक सभेत, बाजूने आणि विरोधात, तीच दोन अक्षरं लोकांच्या कानांवर आदळत राहिली होती.

निवडणूक संपली की घोषणा विरतात. ‘ओके’ही विरला असता. त्याला काम मिळालं म्हणून तो राहिला, असं मला वाटतं. आणि ते काम त्याला दिलं तारयंत्राने.

सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला आपला प्रसिद्ध संदेश धाडला तो १८४४ साली. त्यानंतर तारा रुळांच्या कडेने पसरत गेल्या. तार पाठवणाऱ्याची अडचण अशी की पलीकडचा माणूस दिसत नाही. आपण खटखट केलं, पण ते पोचलं का? तो जागेवर आहे का? सगळी अक्षरं लागली का? समोरासमोर बोलताना मान हलते, डोळे उत्तर देतात. तारेवर यातलं काहीच नाही. म्हणून पलीकडून एक छोटा, नि:संदिग्ध, चटकन वाजवता येणारा इशारा हवा होता. त्या वेळच्या अमेरिकन मोर्स लिपीत ‘ओ’ म्हणजे मध्ये जरा जागा सोडून दोन टिंबं आणि ‘के’ म्हणजे रेघ, टिंब, रेघ. क्षणात वाजून होतं. तारमास्तरांमध्ये नियमच झाला की घेणाऱ्या कचेरीने ‘ओ. के.’ दिल्याशिवाय संदेश पोचला असं धरायचं नाही.

मला ‘ओके’च्या साऱ्या इतिहासातली ही जागा सर्वांत मोलाची वाटते. बॉस्टनमध्ये त्याचा अर्थ ‘सगळं बरोबर’ असा होता, म्हणजे तो एक अभिप्राय होता. तारेवर तो झाला ‘पोचलं’. संदेशात आनंदाची बातमी असो की मरणाची, घेणारा ‘ओ. के.’च वाजवणार. बातमी चांगली आहे की वाईट, मला ती आवडली की नाही, याच्याशी त्या दोन अक्षरांचा काही संबंध नाही. तू पाठवलंस ते जसंच्या तसं माझ्यापर्यंत आलं, एवढंच ती सांगतात. आज आपण दिवसभरात जे ओके म्हणतो, त्यातले बहुतेक याच जातीचे असतात.

इतका साधा जन्म लोकांना मानवत नाही. दुसरीकडून काहीतरी भारदस्त मूळ शोधून आणावं असं वाटतं. त्यामुळे ‘ओके’ला जितके आईबाप चिकटवले गेले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला चिकटवले गेले असतील. ग्रीकमध्ये ‘ओला काला’, सगळं छान. स्कॉटलंडची माणसं ‘ऑख आय’ म्हणतात, होय हो. फिनिश भाषेत ‘ओइकेआ’ म्हणजे बरोबर. जर्मन छापखान्यातलं ‘ओने कोरेक्टुअर’, म्हणजे दुरुस्तीविना. हैतीच्या ओ काय बंदरातली उत्तम रम. बिस्किटांवर ज्याचं नाव छापलेलं असे तो कुणी ऑरिन केंडल. मालाच्या पावत्यांवर आद्याक्षरं लिहिणारा रेल्वेचा कारकून ओबादाया केली. लढाईनंतर पाटीवर लिहिलेलं ‘शून्य ठार’. प्रत्येक कथा ऐकताना पटते. सगळ्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढंच.

दोन दाव्यांकडे मात्र मी आदराने पाहतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी चॉक्टॉ लोकांच्या भाषेत ‘असंच आहे’ अशा अर्थाचा ‘ओके’सारखा उच्चार आहे. वुड्रो विल्सन यांना हे मूळ इतकं पटलेलं होतं की राष्ट्राध्यक्ष असताना कागदपत्रं मंजूर करताना ते ‘ओ-के-ई-एच’ असं चार अक्षरी लिहीत. १९१८ साली निघालेल्या एका ध्वनिमुद्रिका कंपनीचं नावही तसंच, ‘ओके’, त्याच स्पेलिंगचं. दुसरा दावा पश्चिम आफ्रिकेचा. वोलोफ भाषेतलं ‘वाव के’ म्हणजे ‘हो, नक्कीच’, आणि ते गुलाम करून आणलेल्या माणसांच्या तोंडून अमेरिकेत आलं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. हा दावा मनाला भिडतो. या माणसांचं सगळं हिरावून घेतलं गेलं. त्यांच्या बोलीतून इंग्रजीत खरोखर आलेल्या शब्दांचं श्रेयसुद्धा त्यांना फार उशिरा मिळालं. तेव्हा निदान हा एक शब्द त्यांचा निघावा असं कुणाला वाटलं, तर ती भावना माझीही आहे. पण तशा उच्चारापासून १८३९च्या छापील ‘ओ. के.’पर्यंत नेणारा दुवा सापडत नाही. आणि त्या माणसांचा मान राखायचा तर तो खऱ्या पुराव्याने राखला पाहिजे. त्यांच्या नावावर कच्ची कथा घालणं हा मान नव्हे.

पुरावा शोधण्याचं हे काम ज्याने केलं, त्या माणसाचं नाव अ‍ॅलन वॉकर रीड. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. १९४१ साली त्यांनी पहिल्यांदा ‘ओके’चा माग १८४०च्या निवडणुकीपर्यंत आणि त्या ‘ओ. के. क्लब’पर्यंत नेला. तेवढ्यावर ते थांबू शकले असते, कारण लेख गाजला होता. पण ते जुनी वर्तमानपत्रं चाळत राहिले. आजच्यासारखा शब्द टाकून शोधायची सोय तेव्हा नव्हती. जुन्या पत्रांच्या पानांवरून रकाना रकाना नजर फिरवत जायचं, एवढाच मार्ग. १९६३ आणि १९६४ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात त्यांनी लेखमाला लिहिली, तेव्हा ‘ओल्ड किंडरहूक’ हे मूळ नव्हे, तो नंतर मिळालेला जोर आहे, मूळ आदल्या वर्षीच्या बॉस्टनमध्ये आहे, असं त्यांनी स्वतःच मांडलं. लोकांच्या त्या साऱ्या दंतकथाही त्यांनी हेटाळल्या नाहीत. त्यांच्यावर वेगळा लेख लिहिला, कारण शब्दाबद्दल लोक काय मानत आले हाही त्या शब्दाचा इतिहासच.

पुरावा कसा तपासतात याचा एक नमुना मला विसरता येत नाही. टेनेसीमधल्या एका न्यायालयाच्या १७९०च्या दप्तरात खुद्द अँड्र्यू जॅक्सन यांनी दाखल केलेल्या एका खरेदीखताची नोंद आहे, आणि तिच्या शेवटी ‘ओ. के.’ लिहिलंय, असं बरीच वर्षं छापलं जात होतं. झालं, १८३९च्या जवळजवळ ५० वर्षं आधी शब्द सापडला! मूळ कागद बारकाईने पाहिला गेला तेव्हा दिसलं, की ते ‘के’ नाही. ती ‘आर’ आहे, हस्ताक्षरात जरा पाय फाकलेली. ‘ओ. आर.’, म्हणजे ‘ऑर्डर्ड रेकॉर्डेड’, नोंद करण्याचा हुकूम. एका अक्षराच्या खालच्या पायाचं वळण, आणि त्यावर अख्खी कथा उभी होती. आणि ते खरेदीखत कशाचं होतं? एका काळ्या माणसाच्या विक्रीचं. अक्षरांच्या वादात तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. मला मात्र तो कागद आठवला की आधी तो माणूस आठवतो.

आता अर्थाकडे येतो, कारण माझं खरं मन तिथे गुंतलेलं आहे.

‘कसं झालं?’ ‘ओके झालं.’ यात स्तुती नाही, निंदाही नाही. रस्त्यात घसरून पडलेल्या माणसाला उठवताना आपण विचारतो, ‘ओके आहेस ना?’ आणि तो गुडघा चोळत म्हणतो, ‘ओके, ओके.’ त्याला लागलेलं असतं, पण चालता येण्याइतपत तो ठीक असतो. हा शब्द इथवरच जातो, पुढचा एक इंचही स्वतःच्या नावावर लावत नाही. एका जवळच्या माणसाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी दाराबाहेर बसलो होतो. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाले, ‘ओके आहे.’ मला त्यांच्याकडून आणखी पुष्कळ ऐकायचं होतं. आता धोका नाही, काळजी सोडा, सगळं पहिल्यासारखं होईल. ते यातलं काही बोलले नाहीत. त्या क्षणी मला तो शब्द फार अपुरा वाटला, जवळजवळ कोरडा. नंतरच्या रात्रीत विचार करताना कळत गेलं, की त्या घटकेला त्यांना खात्रीने जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्यांनी मला दिलं होतं. त्याहून एक शब्द जास्त बोलले असते तर तो माझ्या समाधानासाठी असता, खरा नसता. त्या ‘ओके’च्या आधारावर मी ती रात्र काढली.

मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळचा शब्द ‘बरं’. ‘बरं’चा पसाराही असाच आहे. ‘बरं, येतो’ यात होकार आहे. ‘बरं आहे’ यात मध्यम प्रतीचं कौतुक आहे. ‘बरा झाला’ यात आजारातून उठणं आहे, ‘बरं, मग?’ यात पुढची गोष्ट ऐकायची घाई आहे, आणि ‘बरं बरं’ यात ‘पुरे आता’ आहे. तरी ‘ओके’ने ‘बरं’ला घालवलं नाही आणि ‘बरं’ने ‘ओके’ला उंबऱ्याबाहेर ठेवलं नाही, दोघंही नांदतायत. मला याचं कारण असं दिसतं की ‘बरं’ म्हणताना आपण किंचित झुकतो. त्यात ऐकून घेणं आहे, थोडा मान आहे, आणि नातंही. ‘ठीक आहे’ म्हटलं तर कधी कधी त्यात रुसवा ऐकू येतो. ‘चालेल’मध्ये तडजोड आहे, मनासारखं नाही पण भागवून घेऊ. ‘ओके’त यातलं काही नाही. मालक नोकराला म्हणतो तोच ओके नोकर मालकाला म्हणू शकतो, लेक बापाला आणि बाप लेकीला. मानाची पायरी नसलेला होकार आपल्याकडे कमी होता. ती जागा या शब्दाने भरली. शिवाय तो आपल्या व्याकरणात इतका मुरला आहे की ‘ओके करून टाक’, ‘साहेबांनी ओके दिला’, ‘ओकेच आहे रे’ यांपैकी कुठेही त्याला परकं वाटत नाही.

लिहित्या इंग्रजीने मात्र त्याला बराच काळ घरात घेतलं नाही. बोलण्यात सर्वत्र, पण पुस्तकात वर्ज्य. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत, चार बहिणींपैकी एमीच्या पत्रात हा शब्द आहे. सगळं ‘ओके’ करून टाकेन, असं ती लिहिते. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो काढून त्या जागी ऊबदार, सुखाचं अशा अर्थाचा शब्द घातला गेला. मला मूळची एमी जास्त जिवंत वाटते. ती तरुण मुलगी घाईघाईत पत्र लिहितेय, ती ‘ओके’च लिहिणार.

१९६१ साली अ‍ॅलन शेपर्ड अंतराळात जाऊन आले, तेव्हा ‘ए-ओके’ हे रूप गाजलं. ते त्यांच्या तोंडी घातलं गेलं, पण बोलले होते ते नासाचे प्रवक्ते जॉन पॉवर्स. तेही रूप आलं आणि बरंचसं विरलं. मूळ दोन अक्षरं जिथल्या तिथे.

संगणकावर तो आला त्याची कथा अधिक अर्थपूर्ण आहे. अ‍ॅपल कंपनी १९८०च्या सुमारास ‘लिसा’ नावाचा संगणक घडवत होती. पडद्यावर प्रश्न आला की होकारासाठी दाबायच्या बटनावर ‘डू इट’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे ‘कर’. ‘ओके’ मुद्दाम टाळला होता, फार बोलभाषेतला वाटतो म्हणून. लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी नवख्या माणसांना समोर बसवून चाचण्या घेत. माणसं त्या बटनापाशी अडखळत. एक जण तर चिडलाच. हे यंत्र मला ‘डोल्ट’ का म्हणतंय, असं त्याने विचारलं. ‘डोल्ट’ म्हणजे मठ्ठ. दोन शब्दांमधली जागा अरुंद होती आणि त्या अक्षरवळणात मोठा ‘आय’ छोट्या ‘एल’सारखा दिसत होता. बटन बदललं, तिथे ‘ओके’ आलं, आणि तिथून ते जगभरच्या पडद्यांवर गेलं.

तरी तिथे ‘ओके’ची जागा चुकलीच, असं माझं मत आहे. ‘ही फाइल कायमची नष्ट होईल’ असं पडद्यावर येतं आणि खाली ‘ओके’. मी काय ओके म्हणायचं? मला कळलं, या अर्थाने, की नष्ट कर, या अर्थाने? तारेवरचा ‘पोचलं’ आणि साहेबांचा ‘मंजूर’ हे दोन अर्थ त्या एका बटनात एकमेकांत अडकतात आणि माणूस घाबरतो. ‘नष्ट करा’ असं सरळ लिहिणारे लोक हल्ली वाढलेत, ते मला योग्य वाटतं. बोलताना सूर सोबत असतो म्हणून ‘ओके’ला इतके अर्थ पेलतात. बटनाला सूर नसतो.

याच्या अगदी उलट, पाण्याखाली. तिथे आवाज नाही, पण अर्थ एकच आणि पक्का. श्वासाचं नळकांडं तोंडात असल्यामुळे पाणबुडे बोलू शकत नाहीत. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं वर्तुळ, बाकीची तीन बोटं ताठ, ही त्यांची ‘ओके’ची खूण. (हीच खूण ब्राझीलमध्ये शिवीसारखी मानतात, हेही लक्षात ठेवलेलं बरं.) तीच खूण प्रश्न आहे आणि तीच उत्तर. जोडीदाराने केली की आपण परत करायचीच. नुसती मान हलवून भागत नाही. आपण एरवी ‘छान’ म्हणून दाखवतो तो वर केलेला अंगठा तिथे करायचा नाही, कारण त्याचा अर्थ ‘वर चल’. काही गडबड असेल तर पसरलेला तळवा डावीउजवीकडे हलवायचा आणि त्रास कुठे आहे तिकडे बोट दाखवायचं. उत्तर आलं नाही तर जोडीदार संकटात आहे असंच धरतात आणि जवळ जातात. तारमास्तरांचा नियम इथे जिवाशी येऊन भिडतो.

आज आपण सगळे एकमेकांना दिवसभर लिहून बोलतो, तेव्हा तारेची ती जुनी अडचण पुन्हा आपल्यापुढे आली आहे. चेहरा दिसत नाही, सूर ऐकू येत नाही. कुणी मन मोकळं करून लांबलचक लिहितं आणि खाली आपला एकच ‘ओके’ पडतो. कधी तर नुसता ‘के’. लिहिणाऱ्याला तो लागतो. चूक शब्दाची नाही. त्याने ‘पोचलं’ एवढंच सांगायचं काम घेतलं होतं. आपण त्याला उत्तराच्या जागी बसवतो आणि मग तो तिथे फार लहान दिसतो. काही जण यावर उपाय म्हणून ‘ओके’च घालायचा टाळतात आणि नीट सवडीने उत्तर द्यायचं म्हणून थांबतात. तोवर पलीकडचा माणूस वाट बघत बसतो. आपलं लिहिलेलं वाचलं गेलं की नाही, हेही त्याला कळत नाही. मला हे जास्त वाईट वाटतं.

म्हणून असं काही आलं की मी आधी तारमास्तराचं काम करतो. ‘ओके, सगळं वाचलं. रात्री निवांत लिहितो.’ आणि रात्री, जेवणं आटोपल्यावर, लिहायला बसतो. माझ्या एका मैत्रिणीची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून आहे. ही मैत्रीण असंच मोठं मोठं लिहून पाठवते, बहुतेक पहाटे. एकदा तिने कळवलं, की रात्रीच्या उत्तराची तिला तितकी घाई नसते. सकाळचा तो ‘ओके’ आला की ती फोन बाजूला ठेवते आणि आईच्या औषधांकडे वळते.